जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी १८५५ – २६ नोव्हेंबर १९२६) हे अमेरिकेतील शस्त्ररचनाकार होते. रायफल, छऱ्याची बंदूक, अर्धस्वयंचलित पिस्तूल आणि मशिनगन या चारही प्रकारांत त्यांनी पायाभूत स्वरूपाचे काम केले. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारलेले .४५ इंच व्यासाचे पिस्तूल ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध निर्मिती होय. शस्त्राचे भाग मोजके व दणकट असावेत आणि ऐन वेळी त्यांपैकी एकही अडू नये, हा त्यांच्या सर्व रचनांमागील समान विचार होता.

जन्म व बालपण

ब्राउनिंग यांचा जन्म तत्कालीन युटा प्रदेशातील ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे मूळचे टेनेसी राज्यातील बंदूक-कारागीर होते. मॉर्मन पंथाचा स्वीकार केल्यावर ते आपल्या पंथीयांसह पश्चिमेकडे सरकत गेले आणि १८५२ साली ऑग्डेन येथे स्थिरावले. त्यांना तीन पत्नी व बावीस अपत्ये होती. जॉन हे त्यांपैकी एक. त्यांच्या आईचे नाव एलिझाबेथ क्लार्क असे होते.

जोनाथन यांच्या दुकानात बंदुकांबरोबर इतर अवजारांचीही दुरुस्ती होत असे. खंडपार लोहमार्ग १८६९ साली पूर्ण होईपर्यंत पूर्वेकडील कारखान्यांतून माल आणायचा तर बैलगाडी अथवा घोडागाडीखेरीज साधन नव्हते. बंदुकीची स्प्रिंग तुटली किंवा चाप झिजला, तर नवा भाग गावातच घडवावा लागे. शिकार व संरक्षण या दोन्हींसाठी बंदुकीवर विसंबणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या दृष्टीने ही गैरसोय मोठी होती. कोणत्या बंदुकीचा कोणता भाग प्रथम मोडतो, हे जॉन यांनी पुस्तकात वाचले नाही. दुरुस्तीला आलेल्या बंदुका खोलतानाच ते त्यांना कळत गेले.

वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या ढिगातील एक जुनी नळी उचलून तिची ओबडधोबड बंदूक तयार केली. तिने त्यांनी व धाकट्या भावाने पक्ष्यांची शिकारही केली. वडिलांनी शिकार नाकारली नाही, परंतु बंदुकीच्या कामात याहून अधिक सफाई हवी होती, हे मुलाच्या लक्षात आणून दिले.

पहिले पेटंट आणि विंचेस्टर कंपनी

१८७९ हे वर्ष ब्राउनिंग यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये रेचल चाइल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, जूनमध्ये वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी एकबारी रायफलचे पहिले पेटंट त्यांना मिळाले. मॅथ्यू व इतर भावांच्या साहाय्याने त्यांनी ऑग्डेन येथेच लहानसा कारखाना काढला. तेथे ही रायफल हातांनी व मोजक्या यंत्रांवर तयार होत असे.

यांपैकी एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या पाहण्यात आली. कंपनीचे एक प्रमुख अधिकारी टी. जी. बेनेट १८८३ साली स्वतः ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्यांनी रचनेचे हक्क विकत घेतले. पुढे हीच रायफल विंचेस्टर १८८५ या नावाने बाजारात आली. त्यानंतर सुमारे दोन दशके ब्राउनिंग रचना करीत राहिले आणि विंचेस्टर त्या विकत घेत राहिली. १८८६, १८९२ व १८९४ या वर्षांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विंचेस्टर रायफली त्यांच्याच होत.

ब्राउनिंग कागदावरील आराखड्यावर फारसे अवलंबून नसत. मनात रचना पक्की झाली, की ते पत्र्यातून भागांचे नमुने कापून पाहत आणि मग थेट धातूवर काम सुरू करीत. १८८७ ते १८८९ या काळात ते पंथाच्या प्रचारकार्यासाठी जॉर्जिया राज्यात होते. तेवढा काळ त्यांचे शस्त्ररचनेचे काम थांबले होते.

स्वयंचलित शस्त्रांकडे

१८८९ च्या सुमारास, गोळी सुटताच नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूने समोरचे गवत बाजूला लवते, हे ब्राउनिंग यांच्या लक्षात आले. वाया जाणारी ही शक्ती बंदूक पुन्हा भरण्यासाठी वापरता येईल, या विचारातून त्यांनी वायूच्या दाबावर चालणारी मशिनगन तयार केली. कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये बाजारात आणली.

याच सुमारास ते पिस्तुलाकडे वळले. १८९७ मध्ये बेल्जियममधील एफ.एन. या शस्त्रकारखान्याशी त्यांचा करार झाला. या कारखान्यात तयार झालेले १९०० सालचे पिस्तूल इतके लोकप्रिय झाले, की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हे पिस्तुलाचेच नाव होऊन बसले.

१९०२ साली स्वयंचलित छऱ्याच्या बंदुकीसाठी एकरकमी किंमत न घेता विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वधन मिळावे, अशी मागणी ब्राउनिंग यांनी केली. विंचेस्टरने ती नाकारल्यावर उभयतांचा दीर्घ संबंध संपला. त्यानंतर ते रेमिंग्टन कंपनीच्या कार्यालयात गेले असता, ज्यांची भेट घ्यायची होती ते मार्सेलस हार्टली यांचे त्याच दिवशी निधन झाल्याची वार्ता कळली. अखेर ती रचना घेऊन ते बेल्जियमला गेले आणि एफ.एन.ने ती स्वीकारली.

१९११ चे पिस्तूल

फिलिपिन्समधील लढायांत अमेरिकन सैनिकांचे .३८ व्यासाचे रिव्हॉल्व्हर अपुरे पडले. १९०४ मध्ये थॉम्पसन व लागार्ड या अधिकाऱ्यांनी घेतलेल्या चाचण्यांनंतर .४५ पेक्षा कमी व्यास नसावा अशी शिफारस झाली. १९०७ पासून लष्कराने निरनिराळ्या पिस्तुलांची परीक्षा घेतली. शेवटी कोल्ट कंपनीचे, म्हणजे ब्राउनिंग यांचे, आणि सॅव्हेज कंपनीचे अशी दोन पिस्तुले स्पर्धेत उरली.

या काळात ब्राउनिंग यांनी आपल्या रचनेत वारंवार बदल केले. आरंभीच्या नमुन्यात नळी दोन सांध्यांवर, पुढे व मागे, झुलत असे. पुढे त्यांनी मागचा एकच सांधा ठेवला. गोळी सुटताना नळी आणि वरचा सरकता भाग (स्लाइड) एकमेकांत अडकलेले असतात. थोडे अंतर मागे गेल्यावर सांध्यामुळे नळीचा मागील भाग खाली झुकतो, स्लाइड मोकळी होते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मॅगझिनमधील नवे काडतूस आत येते. पिस्तूल खोलण्यास वेगळी हत्यारे जवळजवळ लागत नाहीत. त्याचेच काही भाग इतर भाग काढण्यासाठी वापरता येतात. कारखान्यापासून दूर असलेल्या सैनिकाला साफसफाई व दुरुस्ती स्वतः करता यावी, ही सोय त्यात होती.

निर्णायक चाचणी मार्च १९११ मध्ये झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होण्यास काही मिनिटे दिली जात आणि हजार गोळ्यांनंतर साफसफाई व तेलपाणी होत असे. सॅव्हेज पिस्तूल या दरम्यान ३७ वेळा अडखळले वा त्याचे भाग मोडले. ब्राउनिंग यांचे पिस्तूल एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते अधिकृतपणे स्वीकारले.

पहिले महायुद्ध

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्याकडे आधुनिक मशिनगनांची मोठी टंचाई होती. ब्राउनिंग यांच्या पाण्याने थंड होणाऱ्या मशिनगनने मे १९१७ मधील चाचणीत २०,००० गोळ्या न अडखळता झाडल्या. काहींना तो एकाच नमुन्याचा अपवाद वाटला, म्हणून दुसरी मशिनगन आणण्यात आली. ती ४८ मिनिटांहून अधिक काळ अखंड चालली. युद्धकालीन वापराच्या हक्कांसाठी सरकारने देऊ केलेले ७,५०,००० डॉलर त्यांनी घासाघीस न करता स्वीकारले. नेहमीच्या स्वामित्वधनाच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती.

या कर्तृत्वाची दुसरी बाजूही आहे. १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांची हत्या झाली, ती ब्राउनिंग यांनीच रचलेल्या एफ.एन. पिस्तुलाने. या घटनेतून जे युद्ध पेटले, त्यात त्यांच्या शस्त्रांचा प्रत्यक्ष वापर झाला. न अडणारे शस्त्र ते धरणाऱ्याला वाचवते आणि समोरच्याचा जीवही तितक्याच खात्रीने घेते.

अखेरचे दिवस

उतारवयातही ब्राउनिंग काम करीत राहिले. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील लीएजजवळच्या एफ.एन. कारखान्यात, मुलगा व्हॅल यांच्या कार्यालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर ऑग्डेन येथे अंत्यसंस्कार झाले. त्यांनी सुरू केलेल्या नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचे काम एफ.एन.मधील रचनाकार द्यूदॉने सेव्ह यांनी पुढे नेले. ते १९३५ मध्ये हाय-पॉवर या नावाने प्रसिद्ध झाले. भारतीय सैन्यानेही ते वापरले आणि पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात त्याचे उत्पादन झाले.

वारसा

१९११ चे पिस्तूल १९८५ पर्यंत अमेरिकन लष्कराचे अधिकृत पिस्तूल होते. दुसऱ्या महायुद्धात ते कोल्टखेरीज रेमिंग्टन रँड ही टंकलेखन यंत्रांची कंपनी आणि सिंगर ही शिलाई यंत्रांची कंपनी यांनीही तयार केले. पेटंटाची मुदत संपल्यानंतर अनेक कंपन्या त्याच्या आवृत्त्या काढू लागल्या.

त्यातूनच या पिस्तुलासंबंधीचा आजचा वाद निर्माण झाला. ब्राउनिंग यांच्या काळी लहान भागही घडीव पोलादातून कोरून काढले जात. आता काही उत्पादक धातूची भुकटी साच्यात दाबून व भट्टीत भाजून ते तयार करतात. त्यामुळे अमेरिकेत नवे पिस्तूल कौतुकाने घरी आणणारा मालकही, त्यातील भाग टिकतील का, या शंकेने अस्वस्थ असतो. रिकामे काडतूस ओढून काढणारी आकडी (एक्स्ट्रॅक्टर) याचे ठळक उदाहरण आहे. मूळ रचनेत ही आकडी स्वतःच स्प्रिंगचे काम करते. तिचे पोलाद योग्य नसेल किंवा तिचा ताण कमीअधिक झाला, तर उत्तम रचनेचे पिस्तूलही अडते. मार्च १९११ मध्ये सिद्ध झाली ती एका रचनेची आणि त्या मापाने घडवलेल्या भागांची विश्वसनीयता. ती केवळ आकार सारखा असल्याने पुढील प्रत्येक प्रतीत आपोआप उतरत नाही. ऑग्डेनच्या दुकानात मोडक्या बंदुका खोलून बसणाऱ्या मुलाला ही गोष्ट फार लवकर उमगली होती.