सावित्रीबाई फुले : आजारी पतीच्या उशाशी

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली निघालेली मुलींची शाळा प्रत्येकास आठवते. परंतु जुलै १८८८ ते नोव्हेंबर १८९० या काळात त्या घरी कशा राहिल्या, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या दिवसांत त्यांच्या पतीचे अर्धे अंग लुळे पडले होते. ज्या घरात नवरा किंवा बायको दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळली आहे, त्या घरच्या वाचकांकरिता या चरित्रातील तेवढा भाग आम्ही जरा विस्ताराने सांगतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली, म्हणजे नवव्या वर्षी, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनी पत्नीस घरीच अक्षरे शिकवली व ती पुढे शिक्षिका झाली. या दांपत्यास मूल झाले नाही. सासऱ्यांनी जोतीरावांच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली, ती जोतीरावांनी मानली नाही. पुढे १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत.

१८५६ साली सावित्रीबाई स्वतः बऱ्याच आजारी पडून माहेरी नायगावी राहिल्या होत्या. तेव्हा त्यांच्या भावाने त्यांची शुश्रूषा केली. तेथून पतीस पाठविलेल्या पत्रात भावाच्या या सेवेची त्यांनी नोंद केली आहे, व आपल्यामागे शाळेच्या कामाचा बोजा सोबतीण फातिमा हिच्यावर पडला असेल, याचीही काळजी व्यक्त केली आहे. एक माणूस अंथरुणावर पडला की त्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात मोठी सभा भरली व जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांस पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पुण्याचे नामांकित डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण वैद्य कितीही कुशल असला तरी तो येतो व जातो. उरलेले प्रहर घरच्यांचे असतात. पक्षाघाताच्या रोग्यास कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीस जखमा पडतात. घास बेताने भरवावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. मलमूत्राची सोय, अंग पुसणे, धुणे, रात्रीचे जागरण हे सर्व कोणाला तरी करावेच लागते. त्या वेळी सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या व यशवंत अजून शिकत होता. त्याचे लग्नही फेब्रुवारी १८८९ मध्ये याच आजारपणात झाले.

उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्यास आरंभ केला व सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापून निघाले. या डाव्या हाताची कीर्ती पुष्कळ झाली आणि ती योग्यच आहे. तथापि आजाऱ्यास उठवून बसवणारे, धुऊन-पुसून लिहिण्याजोगा ठेवणारे हात कोणाचे होते, हेही चरित्रकारांनी तितक्याच अगत्याने लिहावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

दुखण्याबरोबर दारिद्र्यही आले. जोतीरावांनी एके काळी बांधकामाचे ठेके घेऊन पैसा मिळवला होता, पण तो शाळा व अनाथ यांच्यापायी खर्च झाला होता. कमावते अंग लुळे पडताच मिळकत आटली. तेव्हा मामा परमानंद या स्नेह्यांनी जुलै १८९० च्या अखेरीस पत्र लिहून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून साहाय्य मिळावे म्हणून शब्द टाकला. त्या पत्रात त्यांनी पतीपेक्षाही पत्नीची थोरवी अधिक मानली आहे. सेवा करणाऱ्या बाईने स्वतः हात पसरण्याची वेळ येऊ न देता स्नेह्याने आपण होऊन लेखणी उचलली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

वाचकहो, डहाणू व तलासरीकडील पाड्यांवर आज कर्करोगाचे रोगी आहेत. ते परळच्या टाटा रुग्णालयात जातात. तलासरीच्या माणसास आधी स्टेशन गाठावे लागते, मग गाडीचा लांबचा प्रवास. औषध चढवून झाले की पुष्कळांस घरी पाठवतात, आणि दोन फेऱ्यांमधले दिवस बायकोने किंवा नवऱ्याने काढावयाचे असतात. तोंड हुळहुळे होते, भाकरी गिळत नाही, नागलीची पातळ पेज मात्र उतरते. औषध चढवल्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर तो साधा समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. आणि शेजाऱ्यांनी परमानंदांसारखे मागितल्यावाचून पुढे व्हावे: कोणी पाणी भरावे, कोणी एक रात्र उशाशी बसावे, कोणी गाडीभाड्याची तजवीज करावी. सेवा करणारी स्त्री बहुधा आपल्या तोंडाने काही मागत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी दत्तक पुत्राशी वाद मांडला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती घेतले व प्रेतापुढे चालल्या. स्त्रीने असे करणे ही त्या काळी न ऐकलेली गोष्ट होती.

त्यानंतर सुमारे सव्वासहा वर्षे त्या जगल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा मायलेकांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूस रोग्यांची सोय केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.