वायूच्या दाबातून रेणू मोजणारे शाळामास्तर

मुर्ध्याच्या घरांतल्या सिलिंडरमध्ये दाबाखाली गॅसचा द्रव होतो, कारण त्याचे रेणू एकमेकांना ओढतात. ही ओढ गणितात मांडली योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी.

१८३७ मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहरात सुताराच्या घरी जन्मलेले हे शाळामास्तर. लॅटिन-ग्रीक येत नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नव्हते. पुढे सूट मिळाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

रेणू खरेच असतात का, यावरच तेव्हा वाद होता. वायू खूप दाबला की बॉइलचा नियम चुकतो. त्या चुकीतच व्हॅन डर वाल्स यांना रेणूंनी अडवलेली जागा दिसली. त्यावरून रेणूच्या आकाराचा अंदाज बांधता येतो: नायट्रोजनचे एक कोटी रेणू ओळीने मांडले, तर रांग जेमतेम तीन मिलिमीटर भरते.

१९१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९२३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्यांचे निधन झाले.