दोम पेरिन्यों : फसफसत्या द्राक्षारसामागचा कोठारी मठवासी

शॅम्पेन या फसफसणाऱ्या द्राक्षारसाची एक अतिशय महाग बाटली जगभर दोम पेरिन्यों या नावाने विकली जाते. हे नाव कोणा उमरावाचे वा व्यापाऱ्याचे नाही. स्वतःचे म्हणून काहीही न बाळगण्याचे जीवन पत्करलेल्या एका बेनेदिक्तिन मठवासीयाचे ते नाव आहे. शॅम्पेनचा शोध त्यांनीच लावला अशी सर्वत्र समजूत आहे. ती खरी नाही. तिच्यामुळे त्यांचे खरे काम मात्र झाकले गेले, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पिएर पेरिन्यों यांचा जन्म फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील सेंत-मेनू या गावी झाला. 5 जानेवारी 1639 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडील न्यायकचेरीत लेखनिक होते आणि घरचे द्राक्षमळेही होते. शालों येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी वर्दुन येथील संत व्हान मठात प्रवेश केला आणि 1658 मध्ये व्रते घेतली.

1668 मध्ये त्यांना ओव्हिले येथील मठाचा कोठारी म्हणून पाठविण्यात आले. सातव्या शतकात स्थापन झालेल्या या मठात संत हेलेना हिचे पवित्र अवशेष होते व यात्रेकरूंची तेथे ये-जा असे. पण युद्धांनी मठाची दुर्दशा झाली होती. धान्य, जमीन, खंड, हिशेब आणि द्राक्षमळे या साऱ्यांची जबाबदारी कोठाऱ्यावर असे. मठाचा बराचसा खर्च द्राक्षारसाच्या विक्रीवर चाले. हे काम त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे 47 वर्षे केले. एका माणसाने एका कोठाराला दिलेली 47 वर्षे! आमच्या मते त्यांचे मोठेपण शोधायचे असेल तर ते येथेच आहे.

ते वेलींची कडक छाटणी करून घेत, कारण थोडी पण भरदार फळे त्यांना हवी असत. तोडणी सकाळच्या गारव्यात होई आणि चेंगरलेली द्राक्षे बाजूला काढली जात. काळ्या द्राक्षांपासून स्वच्छ, पांढरा रस मिळावा म्हणून ती हलक्या हाताने व झटपट दाबली जात. उशीर झाला की सालीचा रंग रसात उतरतो. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे दाबण्यापूर्वीच अशी मिसळायची की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघावी, ही त्यांची खरी कला. ते आंधळे होते व केवळ चवीवरून मळा ओळखत, ही कथा मात्र नंतरची आहे.

आता बुडबुड्यांविषयी. शॅम्पेन प्रांत थंड आहे. शरद ऋतूत आंबवायला ठेवलेला रस हिवाळ्यात थंडीने तसाच थांबतो व थोडी साखर शिल्लक राहते. वसंतात ऊब आली की किण्व पुन्हा जागे होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. आपल्याकडच्या गोटी सोड्यात वायू यंत्राने भरतात. येथे तो बाटलीतच जन्मतो. त्या काळच्या बाटल्या कच्च्या काचेच्या. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्याही फुटत. पुढे तळघरातील कामगार तोंडावर लोखंडी मुखवटा बांधून वावरत असत. फेस हा दोष समजला जाई आणि तो टाळण्याकडेच पेरिन्यों यांचा कल होता! साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याच्या रीतीवर तर इंग्लंडमधील ख्रिस्तोफर मेरेट यांनी 1662 मध्येच निबंध वाचला होता. तेव्हा पेरिन्यों ओव्हिलेला आलेही नव्हते.

सप्टेंबर 1715 मध्ये पेरिन्यों यांचे निधन झाले. त्यांना मठाच्या चर्चमध्ये सन्मानाने पुरण्यात आले. पुढे राज्यक्रांतीत मठ बंद पडला. 1821 मध्ये मठाचे शेवटचे कोठारी दोम ग्रोसार यांनी एका पत्रात शोधाचे सारे श्रेय पेरिन्यों यांना दिले आणि व्यापाऱ्यांनी ती कथा उचलून धरली. आपल्या उजाड झालेल्या मठावरील प्रेमापोटी ग्रोसार यांनी तसे लिहिले असावे, असे आम्हांस वाटते. त्यांच्या नावाची बाटली तर 1936 मध्ये बाजारात आली.

महाराष्ट्रातही आज असा द्राक्षारस होतो. 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राने तो बनू लागला. पेरिन्यों यांच्या नावाची बाटली काढणारे मोएत-शांदों घराणे 2013 मध्ये नाशिककडे दिंडोरीत आले. नांदगाव पेठेत मात्र हा विषय जपूनच बोलावा लागतो. नागपूरच्या रस्त्याने मोझरी, तिवसा ओलांडले की वर्धा जिल्हा लागतो आणि तेथे 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे. दारूने मोडलेली घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. संत बेनेदिक्त यांनीही आपल्या नियमावलीच्या 40 व्या प्रकरणात मठवासीयांना दिवसाला एक लहानसे माप दिले आहे, तेही काहीसे नाइलाजाने; आणि वर्ज्य करू शकणाऱ्यांना त्यांनी अधिक मान दिला आहे.

तरीही मुंबई-वसईकडील आप्तांच्या लग्नात ही बाटली हाती येते आणि ती हलवून, फेस उडवून, पाहुण्यांच्या अंगावर शिंपडली जाते. कोठाऱ्याच्या 47 वर्षांच्या कष्टाचा हा उपयोग आम्हांस रुचत नाही. शिवाय ते धोक्याचेही आहे : आतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक असतो आणि उडालेल्या बुचाने डोळा जाऊ शकतो. बाटली तीनेक तास फ्रीजमध्ये ठेवावी. गरम बाटली फार उसळते. तार सोडविताना अंगठा बुचावरून काढू नये. बाटली तिरपी, माणसांपासून दूर धरावी. बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी, बूच नव्हे. आवाज सुस्काऱ्याएवढाच यावा. पेला उंच व निमुळता असावा, म्हणजे बुडबुडे टिकतात. प्रथम थोडेसे ओतून फेस बसू द्यावा, मग पाऊण पेला भरावा. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा जणांचे होते. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी तशाच पेल्यात आपल्या वरूड-मोर्शीकडील संत्र्यांचा ताजा रस आधीच भरून ठेवावा, म्हणजे शुभेच्छांचा पेला उंचावताना कोणाचा हात रिकामा राहणार नाही.