अन्नाच्या मोजमापाचे शास्त्रज्ञ : डॉ. पां. वा. सुखात्मे

मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये पोळी-भाताची नोंद करून दिवसाचे उष्मांक मोजणारा वर्ग आज शहरांत वाढतो आहे. माणसाला अन्न किती लागते आणि ते मोजायचे कसे, या प्रश्नाला मात्र एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने आपले उभे आयुष्य वाहिले होते. ते म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. शेतातील लहानसा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधला, तर तो फुगतो, हे त्यांनी दाखवले. कडेवरची रोपे आत धरली जातात आणि तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. मापातली बारीक चूक गुणाकाराने देशाच्या धान्यसाठ्याएवढी होते, हा धडा त्यांनी पुढे अन्नालाही लावला.

१९५० च्या दशकाच्या आरंभी ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि सुमारे दोन दशके रोम येथे राहिले. जगातील दोन तृतीयांश माणसे अर्धपोटी आहेत, असा समज तेव्हा रूढ होता. १९६१ च्या निबंधात सुखात्मे यांनी हा आकडा तपासून पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के असल्याचे मांडले. या कार्यासाठी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना रौप्य गाय पदक दिले. १९७१ मध्ये ते पद्मभूषणने सन्मानित झाले.

पुण्यात परतल्यावर त्यांचे सर्वांत वादग्रस्त संशोधन पुढे आले. काम तेच, वजन तेच, तरीही एकाच माणसाचा आहार दिवसागणिक आणि आठवड्यागणिक कमीजास्त होतो. शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःला सावरून घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणे त्यांना अमान्य होते. भारतीय आहारात प्रथिनांपेक्षा उष्मांकांची उणीव मोठी आहे, आणि उष्मांक अपुरे पडले की प्रथिनेही इंधन म्हणूनच खर्ची पडतात, हेही त्यांनी सांगितले. स्वच्छ पाण्याअभावी होणारे आजार खाल्लेले अन्न वाया घालवतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. उष्मांकांची रेषा खाली सरकली की गरिबांची संख्या कागदावर घटते. म्हणूनच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी कडाडून विरोध केला. कमी अन्नाशी जुळवून घेणाऱ्या शरीराला त्याची किंमत वाढीत आणि श्रमशक्तीत मोजावी लागते, हा गोपालन यांचा आक्षेप होता. तो आजही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात डॉ. सुखात्मे यांचे निधन झाले.

त्यांची शिस्त आजच्या नोंदींनाही उपयोगी पडावी. मुंबईत मढच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला बोंबील पाहिला, तरी मुद्दा ध्यानात येतो. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते. सुक्याच्या शंभर ग्रॅमची नोंद ताज्याच्या नावे केली, तर हिशेब पार कोलमडतो. भाताचेही तेच. म्हणून जिन्नस शक्यतो कच्चा तोलावा, फोडणीचे तेल विसरू नये, आणि एका दिवसाच्या आकड्याने न हर्षता वा न खचता आठवड्यांची सरासरी पाहावी. मोजमाप काटेकोर असावे; पण ते कशाचे आणि कोणासाठी, याचे भान त्याहून मोलाचे आहे.