श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि सत्तेची वाटणी

नंदुरबारहून उधन्याकडे येणारी गाडी नवापूर सोडून पुढे निघाली की सोनगड, व्यारा, बारडोली ही स्टेशने एकामागून एक लागतात. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे ह्याच मार्गाने खानदेशातून लिंबायतेस आली. स्वातंत्र्यापूर्वी ह्या एकाच मार्गावर दोन राज्ये नांदत होती. सोनगड व व्यारा ही गावे गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांतात, तर बारडोली व सुरत शहर इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात मोडत असे. दोहोंकडील माती तीच आणि पाऊसही तोच. परंतु सारा कोणी ठरवावा, शाळा कोणी उघडावी, गावच्या विहिरीचा निर्णय कोणी करावा, ह्या प्रश्नांची उत्तरे मात्र सीमा ओलांडताच बदलत. बडोद्याच्या बाजूची उत्तरे ज्या पुरुषाने घडविली, तो जन्माने आपल्याच मुलखाकडचा होता.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे काशीराव गायकवाड ह्यांच्या शेतकरी घरात इ. स. १८६३ च्या मार्च महिन्यात गोपाळरावांचा जन्म झाला. राजघराण्याशी नाते होते, पण ते दूरचे. बाराव्या वर्षापर्यंत ह्या मुलाने अक्षर गिरविले नव्हते. गुरे राखणे आणि शेतात हिंडणे हेच त्याचे शिक्षण.

तिकडे बडोद्यात सत्तेची काय अवस्था होती, हे पाहिल्याखेरीज पुढील गोष्ट उलगडणार नाही. राजा मनात आणील तो कायदा, आणि राजाची मर्जी हाच न्याय. खंडेराव महाराजांनी आपले बंधू मल्हारराव ह्यांना कैदेत ठेविले. १८७० मध्ये खंडेराव निवर्तले तेव्हा तेच मल्हारराव कैदेतून उठून गादीवर बसले. महसुलाची वसुली इजाऱ्याने दिली जाई. म्हणजे जो अधिक रक्कम बोलेल त्याच्या हाती महाल सोपवावयाचा आणि त्याने रयतेकडून किती उकळले हे पाहावयाचे नाही. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या, त्या अशाच पैशावर. पुढे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर ह्यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशी मंडळातील तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांचे एकमत झाले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये कुशासनाचे कारण दाखवून इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. रयतेवर राजाची सत्ता अमर्याद होती खरी, पण त्या राजाचे सिंहासन कलकत्त्याहून निघालेल्या एका हुकुमाने हिरावले जाऊ शकत होते. सत्तेची ही उतरंड गोपाळरावांना पुढे आयुष्यभर जाचणार होती.

खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई ह्यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या तीन मुलांना त्यांनी बडोद्यास येण्याचे कारण विचारले, तेव्हा गोपाळरावांनी राज्य करावयास आल्याचे निःशंकपणे सांगितले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि गोपाळराव सयाजीराव झाले. इलियट साहेबांच्या हाताखाली शिक्षण सुरू झाले, आणि राज्याचा गाडा सर टी. माधवराव ह्या कुशल दिवाणांनी हाकला. इजारे मोडले, महालात वहिवाटदार व प्रांतात सुभे नेमले, न्यायालयांची व्यवस्था लाविली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या महाराजांच्या हाती संपूर्ण अधिकार आले.

आरंभी महाराजांनी सगळेच काम स्वतःकडे ओढून घेतले. लहानसहान प्रकरणाचाही कागद हुजुरांपुढे यावा, असा त्यांचा आग्रह असे. परिणामी प्रकृती ढासळली, निद्रानाश जडला आणि १८८७ पासून विलायतेच्या वाऱ्या सुरू झाल्या. माझ्या मते ह्या आजारपणाचा संस्थानास लाभच झाला. एका माणसाने सर्व काही पाहावे ही गोष्ट अशक्य आहे, हा धडा त्यांनी देहाच्या किमतीवर घेतला. शिवाय परदेशात निरनिराळ्या राज्यपद्धती ते डोळसपणे पाहत होते. संस्थानिकांच्या परदेशगमनास आळा घालणारे परिपत्रक लॉर्ड कर्झन ह्यांनी १९०० मध्ये काढले, तेही महाराजांना रुचले नाही.

ह्यानंतर सत्ता खाली उतरू लागली. १९०२ मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला. विहिरी, रस्ते, तलाव, धर्मशाळा, चावडी ह्यांची देखरेख गावाकडे आली. काही पंचायतींना किरकोळ दावे ऐकण्याचाही अधिकार मिळाला. त्यावर तालुक्याची व प्रांताची मंडळे उभारली. न्याय देणारा आणि कारभार करणारा एकच नसावा, म्हणून दोन्ही खाती वेगळी केली. ही मागणी ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेस वर्षानुवर्षे करीत होती. १९०८ मध्ये धारासभा स्थापन झाली.

सक्तीच्या शिक्षणाचे कार्य तर ह्याहून मोठे. १८९३ मध्ये अमरेली महालात प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंड होई. नामदार गोखले ह्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला. सरकारने ते विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले. ज्यास अर्ज वाचता येत नाही त्याला पंचायतीत बसविल्याने काय साधणार, हे महाराजांना उमगले होते.

तथापि ह्या वाटणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. केवळ स्तुती करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. धारासभेत सरकारी व सरकारनियुक्त सभासदांचे पारडे जड होते. सभेने सल्ला द्यावा, प्रश्न विचारावेत, पण अखेरचा शब्द महाराजांचा. जे दिले ते हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून दिले गेले. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९१५ चा पुरोहितांचा कायदा, हे इतक्या लवकर होऊ शकले ह्याचे कारण त्यांना अडविणारे कोणी नव्हते. पुरोहिताने परीक्षा द्यावी व विधींचा अर्थ यजमानास त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असे त्या कायद्यात होते. पौरोहित्य करणाऱ्या घरात वाढूनही मला तो कायदा योग्यच वाटतो. परंतु उद्या गादीवर दुसरा मल्हारराव आला असता तर ह्याच वाटेने उलटे कायदेही तितक्याच वेगाने झाले असते.

आणि राजाची इच्छा सर्वत्र पोहोचते असेही नाही. महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर ह्या तरुणास अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. १९१७ मध्ये ते विद्वान होऊन बडोद्याच्या नोकरीत आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले, दरबाराकडूनही सोय झाली नाही, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. आज्ञापत्र निघाले म्हणजे गल्लीतील माणसाचे मन बदलते, असे होत नाही. पुढे ह्याच आंबेडकरांनी भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले.

महाराजांच्या डोक्यावरची सत्ताही जागी होती. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहांपुढे त्यांनी एकदाच मान लवविली व पाठ फिरवून ते परतले, ह्यावरून गहजब उडाला. अखेर त्यांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. गावच्या पंचायतीस अधिकार देणारा हा राजा स्वतः किती पराधीन होता, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. त्यांचे नातू प्रतापसिंहराव ह्यांच्या कारकिर्दीत १९४० साली नवा राज्यकारभार कायदा होऊन धारासभेत लोकनियुक्त सभासदांचे बहुमत आले. प्रजामंडळाने वर्षानुवर्षे केलेल्या मागणीचे ते फळ होते. १९४८ मध्ये प्रजामंडळाचे डॉ. जीवराज मेहता ह्यांच्या हाती कारभार आला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि व्यारा व बारडोली ह्यांमधील सीमा पुसली गेली. अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निर्माण झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री हेच जीवराज मेहता होते.