ट्रॅक्टर चालकाच्याच अंगावर उलटायचा, त्याला आवरलं हॅरी फर्ग्युसनने

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. मागे खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे चढ आणि पुढची दोन्ही चाकं हवेत उचललेला ट्रॅक्टर. खाली कमेंटमध्ये नाद खुळाचा पाऊस.

पण ही ट्रॅक्टरच्या ताकदीची खूण नाही. मागे पलटी होण्याची ती पहिली पायरी आहे. शंभर वर्षांपूर्वी नांगरताना शेतकरी असेच ट्रॅक्टरखाली सापडून मरायचे. त्यावर उपाय शोधणारा माणूस होता हॅरी फर्ग्युसन.

शेतीचा कंटाळा, मशीनचा नाद

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. गाव आयर्लंडमधल्या ड्रोमोरजवळचं. घरची शेती, पण याला शेतकामाचा मनापासून कंटाळा. तरुणपणी तो बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. मोटारी झाल्या, मोटारसायकली झाल्या, मग गड्याने थेट विमानच बनवलं. ३१ डिसेंबर १९०९ ला स्वतः बनवलेलं विमान त्याने हिल्सबरोमध्ये उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमानोड्डाण.

पुढे स्वतःचं गॅरेज काढून तो ट्रॅक्टरही विकू लागला. पहिलं महायुद्ध सुरू होतं, धान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये सरकारी कृषी खात्याने त्याला आयर्लंडमधल्या ट्रॅक्टर नांगरटीकडे लक्ष द्यायला सांगितलं. ज्या शेतीला तो कंटाळला होता, तिच्याच बांधावर तो परत आला.

ट्रॅक्टर मागे का उलटायचा?

त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. स्वस्त असल्याने तो धडाक्यात खपला. पण त्या काळी बैलगाडी ओढावी तसा नांगर मागे अडकवून ओढला जायचा. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला की घात व्हायचा.

इंजिन मागची चाकं फिरवायला जोर लावतं. चाकांना पुढे जाता आलं नाही की तोच जोर अख्ख्या ट्रॅक्टरला मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढचा भाग वर उठतो आणि सेकंद-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

तीन दांड्यांचं उत्तर

हॅरीने चालकाला दोष देण्याऐवजी जोडणीच बदलायचं ठरवलं. विली सँड्स या कुशल मेकॅनिकला हाताशी धरून त्याने नांगर थेट ट्रॅक्टरलाच बसवला. अनेक वर्षांच्या खटपटीतून तयार झालं ते थ्री पॉइंट लिंकेज. खाली दोन दांडे, वर मधोमध तिसरा. हा वरचा दांडा म्हणजे टॉप लिंक.

खालचे दांडे नांगर ओढतात. मातीचा अडथळा आला की नांगर पुढे कलू पाहतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते. त्यामुळे पुढची चाकं जमिनीवर दाबून राहतात. म्हणजे जो अडथळा पूर्वी ट्रॅक्टर उलटवायचा, तोच आता त्याला खाली धरून ठेवू लागला. जोडीला नांगर आपोआप वरखाली करणारं हायड्रॉलिक आलं. त्याचं पेटंट १९२६ चं.

१९३८ मध्ये हॅरीने अमेरिकेत जाऊन हे तंत्र खुद्द हेन्री फोर्डला दाखवलं. लेखी करार न करता दोघांनी फक्त हात मिळवले. १९३९ ला आलेले हे ट्रॅक्टर १९४७ पर्यंत तीन लाखांहून जास्त बनले. मग फोर्डच्या नातवाने व्यवहार मोडला. हॅरी कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर घेऊन तडजोड झाली.

दरम्यान इंग्लंडमध्ये त्याचा स्वतःचा छोटा करडा टीई-२० ट्रॅक्टर पाच लाखांवर बनला. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. आपल्याकडे दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. २५ ऑक्टोबर १९६० ला तो वारला.

मग आजही ट्रॅक्टर का उलटतात?

कारण हॅरीचं लिंकेज काम करतं ते अवजार तिन्ही दांड्यांना बसवलेलं असेल तेव्हाच. ट्रॉली हुकाला अडकवली की टॉप लिंकचा आधार संपतो. भार जास्त आणि चढ तीव्र असेल तर १९१७ चाच धोका पुन्हा उभा राहतो.

सगळ्यात घातक म्हणजे रुतलेली गाडी किंवा झाडाचं खोड ओढायला साखळी टॉप लिंकच्या जागी बांधणं. ओढ आसाच्या वरून बसते आणि ट्रॅक्टर सरळ मागे येतो. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. मागची चाकं चिखलात रुतली तर पुढे रेटायचं नाही, रिव्हर्समध्ये बाहेर निघायचं. तेही जमत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा.

बांधावरून किंवा उतारावर ट्रॅक्टर बाजूला उलटला तर लिंकेज वाचवू शकत नाही. त्यासाठी चालकाभोवती मजबूत लोखंडी फ्रेम लागते. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली. आपल्याकडे अनेक ट्रॅक्टरवर दिसतं ते नुसतं उन्हाचं छत. त्याच्या भरवशावर राहू नका. खरी फ्रेम असेल तर सीट बेल्ट लावा, नसेल तर लावू नका. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच.