साप्ताहिक सुटीचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या ओझरला १९६४ साली विमानाचा कारखाना आला आणि पाळी, हजेरी, साप्ताहिक सुटी हे शब्द घरोघरी रुळले. सुटी ही आपोआपच मिळते, अशी आम्हां मुलांची समजूत. परंतु ती कुणीतरी झगडून मिळविली आहे. त्या थोर पुरुषाचे नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत लागले. तेथे त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, जेवायला धड उसंत नाही, पगाराच्या तारखेचा नेम नाही आणि यंत्रात हात सापडला तर सारे कुटुंब उघड्यावर! महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांवर वाढलेल्या या माणसाला ते पाहवले नाही. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र हाती घेऊन त्यांनी या दुःखाला वाचा फोडली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास साहाय्य अशा साध्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. तरीही सहा वर्षे वाट पाहावी लागली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले, पण लोखंडे मागे राहिले. रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्यास ते धडपडले आणि त्या सेवेतच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना, सावित्रीबाई फुलेही गेल्या.

लोखंड्यांचे चरित्र वाचताना मला माझ्या मावशीची आठवण येते. ती एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. बदली बाई आली नाही की तिची रात्रपाळी तशीच पुढे दिवसपाळीत जाते आणि ठरलेली सुटी रद्द होते. रोग्यांविषयी तिची कधीच तक्रार नसते. आपल्याला कुणी विचारीत नाही, याचेच तिला वाईट वाटते. रुग्णालयाला रविवारी टाळे लावता येत नाही हे खरे. पण म्हणून तेथल्या माणसांना विश्रांतीच नको काय? थकल्या हातांनी दिलेले औषध चुकले तर त्याचे फळ रोग्यालाच भोगावे लागते.

सेवेची थोरवी लोखंडे यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? त्यांनी तर तिच्यापायी प्राण वेचले. तरीही कष्टकऱ्याच्या विश्रांतीला त्यांनी कधी मालकाची मेहेरबानी मानले नाही. तो हक्क मानला. मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या कुठे ना कुठे अधिकारावर बसतील. तेव्हा हाताखालच्या माणसाची सुटी रद्द करताना त्यांनी या पुरुषाचे स्मरण करावे. हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.